उद्घाटनानंतरचा झाडू

बर्फ वितळतो. ही गोष्ट लंडनच्या लोकांना पटावी म्हणून २०१८च्या डिसेंबरात ग्रीनलंडच्या समुद्रातून बर्फाचे तीस प्रचंड ठोकळे उचलून लंडनला नेण्यात आले. चोवीस टेट मॉडर्न या कलासंग्रहालयासमोर मांडले, सहा ब्लूमबर्ग कंपनीच्या कचेरीपाशी. कलाकार ओलाफुर एलियासन, सोबतीला भूशास्त्रज्ञ मिनिक रोसिंग, कलाकृतीचं नाव 'आइस वॉच'. लोक आले. त्यांनी बर्फाला मिठ्या मारल्या, आत हजारो वर्षं कोंडलेली हवा फुटताना कसा आवाज येतो ते कान लावून ऐकलं, फोटो काढले. आणि मग बर्फ वितळला. ठरल्याप्रमाणे.

आमच्या मुंबईत ससून डॉकवर रोज पहाटे टनावारी बर्फ वितळतो. त्याला कोणी कान लावत नाही. पापलेटाचा भाव विचारतात आणि चिखल चुकवत निघून जातात.

पण एलियासनची थट्टा जरा जपूनच करायला हवी. हाच प्रयोग त्याने २०१५मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी केला होता, बारा ठोकळे मांडून. त्या उपक्रमातून किती कार्बन हवेत गेला याचा हिशेब त्याने रीतसर करून घेतला आणि जाहीर केला: सुमारे तीस टन, त्यातला बहुतेक बर्फाच्या वाहतुकीचा. तापमानवाढीवरच्या कलाकृतीने तापमानात स्वतः किती भर घातली हे स्वतःच्या तोंडाने सांगणारा कलाकार विरळा. आमच्याकडची 'वसुंधरा', 'धरित्री', 'माती' या नावांची प्रदर्शनं आठवून पाहा. दालनात इतका गारठा असतो की वसुंधरेला शाल पांघरावीशी वाटावी. विजेचं बिल मात्र चित्राच्या शेजारच्या चिठ्ठीवर कधी लावलेलं दिसत नाही.

तर मुद्दा हा की कला आता जबाबदार झाली आहे. नुसतं सुंदर असून भागत नाही. निसर्गचित्र काढणाऱ्याला लोक विचारतात, ठीक आहे, पण यातून म्हणायचं काय आहे? मग नदीचं चित्र हे नदीचं चित्र राहत नाही, ते 'जलन्यायाच्या विमर्शातला हस्तक्षेप' होतं. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की कलाकृती प्रश्न उपस्थित करते. करते, नक्की करते. प्रश्न उपस्थित असतात, प्रायोजक उपस्थित असतात, पालकमंत्रीही उपस्थित असतात. उत्तराची हजेरी मात्र कोणी घेत नाही.

मांडणीशिल्प हा प्रकार आपण परदेशातून घेतला असं समीक्षक सांगतात. त्यांनी लालबाग-परळमध्ये किंवा पुण्याच्या पेठांत गणपतीची एखादी रात्र काढलेली नसावी. स्त्रीभ्रूणहत्या, व्यसनमुक्ती, शेतकरी आत्महत्या, झाडे लावा: आपल्या मंडळांनी सगळे विषय हलत्या पुतळ्यांसह आणि खर्जातल्या निवेदनासह केव्हाच मांडून टाकले. 'पाणी वाचवा'चा देखावा कारंज्यासह. 'वीज वाचवा'चा देखावा दहा हजार दिव्यांसह. 'वृक्षतोड थांबवा' तर हमखास थर्माकोलच्या जंगलात. २३ मार्च २०१८ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि ती सगळी पांढरी जंगलं एका अधिसूचनेने भुईसपाट झाली. त्या वृक्षतोडीवर मात्र कुठल्याच मंडळाने देखावा केला नाही.

तरी मंडळांचं एक बरं असतं. वर्गणीची पावती मिळते, अहवालात जमाखर्च छापतात, शेजारच्या मंडळाचा माणूस त्यात चुकाही काढतो. समकालीन कलेच्या जगात एवढं पारदर्शक काही सापडलं तर कळवा.

आता पैशाकडे वळू, कारण जबाबदारीचा उगम बहुधा तिथेच असतो. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या १३५व्या कलमाने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. कोणत्या कामावर, त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. तीत पर्यावरण आहे आणि कला-संस्कृतीही आहे. म्हणजे 'मरणासन्न नदी' या विषयावर चित्रप्रदर्शन भरवलं की एका धनादेशात दोन पुण्यं. नदीत काय सोडलं जातं, ते खातं वेगळं. तिथला अधिकारी वेगळ्या मजल्यावर बसतो आणि उद्घाटनाच्या दिवशी रजेवर असतो.

हे पुण्य किती स्वस्तात मिळतं, याचा भाव ब्रिटनमध्ये फुटला. बीपी ही तेल कंपनी टेटची जुनी प्रायोजक. ती नक्की किती पैसे देते हे टेट सांगेना. माहिती मागणारे लोक चिवट निघाले, भांडण लवादापर्यंत गेलं आणि २०१५मध्ये आकडा बाहेर पडला: १९९० ते २००६ या सतरा वर्षांत मिळून ३८ लाख पौंड. वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास. एवढ्या पैशात लंडनमध्ये बरासा फ्लॅट मिळत नाही, पण सगळ्या ब्रिटिश चित्रकलेशेजारी स्वतःचं हिरवंपिवळं फूल लावता येतं.

२०१०च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपीच्या विहिरीवर स्फोट झाला. अकरा माणसं गेली, तेल आठवडेच्या आठवडे समुद्रात वाहत राहिलं. ते वाहत असतानाच, जूनमध्ये, टेटमध्ये बीपीच्या वीस वर्षांच्या मैत्रीची मेजवानी होती. 'लिबरेट टेट' नावाच्या कलाकारांच्या गटाने पाहुण्यांच्या वाटेवर मळी ओतली, साखर कारखान्यातून निघते तीच काळी चिकट मळी. आपल्याकडे मळी नदीत सोडतात. संग्रहालयाच्या दारात ओतावी हे अजून कोणाला सुचलेलं नाही. हा गट पुढे काही वर्षं टेटच्या मागे लागला, सोळा मीटरहून लांब पवनचक्कीचं पातं दालनात आणून 'भेट' म्हणून ठेवून गेला, आणि अखेर २०१७मध्ये प्रायोजकत्व संपलं. तेवढ्यात कोणाला वाटलं असेल की तेलाचे दिवस भरले. २०२३च्या डिसेंबरात ब्रिटिश म्युझियमने त्याच बीपीकडून दहा वर्षांसाठी पाच कोटी पौंड घेत असल्याचं जाहीर केलं. आंदोलनाने एवढं मात्र साधलं, भाव वाढला.

परत मुंबईत येऊ. २०१७च्या नोव्हेंबरात 'स्टार्ट इंडिया' फाउंडेशनने ससून डॉकवर मोठा कलाप्रकल्प भरवला. १८७५ची गोदी. एका मोठ्या रंग कंपनीचं सहकार्य होतं, आणि त्यात नवल नाही, रंग कंपनीला मोकळी भिंत दिसली की सामाजिक जाणीव दाटून येतेच. पण प्रकल्प चांगला होता हे मान्य. कोळ्यांचे, गोदीत राबणाऱ्या बायाबापड्यांचे भलेमोठे चेहरे भिंतींवर लागले. कुलाब्यात जन्म काढलेली माणसं आयुष्यात पहिल्यांदा गोदीत शिरली. नाकाला रुमाल लावून शिरली, पण शिरली. कोळणीचा चेहरा वीस फुटी झाला की तिचा वास सहन होतो, हा शोध त्या वर्षी लागला.

त्याच शहरात वरळीच्या कोळीवाड्यासमोर कोस्टल रोडचा पूल आला. दोन खांबांमधलं अंतर साठ मीटर धरलेलं. खवळलेल्या समुद्रात होड्या खांबांवर आपटतील, असं कोळी सांगत होते. तज्ज्ञांचं म्हणणं होतं, साठ पुष्कळ झाले. तज्ज्ञांना त्या वाटेने होडी हाकायची नव्हती. कोळ्यांनी भर समुद्रात होड्या आडव्या घालून काम अडवलं, आणि २०२३च्या सुरुवातीला सरकारने १२० मीटर मान्य केले. हे काम भिंतीवरच्या चेहऱ्यांनी केलं नाही, होडीतल्या चेहऱ्यांनी केलं. त्या आंदोलनाला दृश्यकला म्हणायला माझी हरकत नाही. रांगेत लावलेल्या होड्या, मागे अर्धा पूल, आणि कागदपत्रं सावरत आलेले अधिकारी. रचना उत्तम होती.

वारली चित्रांचं तर विचारू नका. पूल बांधा, स्टेशन रंगवा, शौचालय उभारा, भिंतीवर वारली आलीच. पांढरी माणसं, तारपा, गोलात नाच, झाडावर मोर. राज्य सरकारला पर्यावरणाची आठवण झाली की ते वारली रंगवून घेतं. दोन त्रिकोणांचा तो माणूस फार सोयीचा आहे. त्याला सातबारा लागत नाही, तो मोर्चा काढत नाही, डहाणूहून पायी मुंबईला येत नाही. चित्रातल्या वारल्याला भिंत एका दिवसात मिळते. खऱ्याला वनपट्टा मिळवायला २००६च्या वनहक्क कायद्यानंतरही तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ३० ऑगस्ट २०२४ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली, प्रकल्प ७६ हजार कोटींचा. किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि आदिवासी वर्षानुवर्षं विरोध करत आलेत. माझी पैज आहे: बंदर उभं राहील त्या दिवशी त्याच्या प्रशासकीय इमारतीच्या दर्शनी भिंतीवर तारपा वाजत असेल. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आज असते तर त्यांनी काय काढलं असतं, कोण जाणे. २०११ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या रेषांची तारीफ केली. त्या रेषा ज्या गावात जन्मल्या त्या गावाबद्दल भाषणांत फारसं काही नसतं.

आता कोची. इथे थोडं थांबू, कारण भारतातल्या जबाबदार कलेची पंढरी तीच.

२०१२पासून कोची-मुझिरिस बिनाले भरते. मसाल्यांची जुनी गोदामं, समुद्राचा वारा, आणि खरोखर चांगलं काम. २०१६च्या आवृत्तीत चिलीचा कवी राउल सुरिता याने एका गोदामात गुडघ्याएवढं पाणी भरून ठेवलं होतं. निर्वासितांच्या होडीतून जाताना बुडालेल्या एका लहान मुलाला अर्पण केलेली ती कलाकृती. चप्पल काढून, विजार वर दुमडून, त्या पाण्यातून चालत समोरच्या भिंतीपर्यंत जायचं. सदर तिरकस असलं तरी त्या पाण्याबद्दल वाकडं लिहिणार नाही.

पण पुढची आवृत्ती, २०१८-१९ची, हिचं सूत्र होतं परात्मतेतून सुटलेल्या जगण्याच्या शक्यता. सोप्या मराठीत: माणसाचे श्रम त्याच्यापासून तुटू नयेत, तो आपल्याच कामाला परका होऊ नये. मार्क्सबाबांचा जुना विषय, मांडणीही झकास. आणि प्रदर्शन संपता संपता बातमी आली की दालनं उभारणाऱ्या सुतार-मजुरांची, कंत्राटदारांची बिलं थकली आहेत. नोटिसा गेल्या. बिलं फुगवलेली आहेत असं आयोजकांचं म्हणणं होतं, काम झालंय तर पैसे द्या असं कंत्राटदाराचं. रकमेचा निवाडा या सदरात व्हायचा नाही. पण भिंतीवर 'श्रमापासून न तुटलेलं जीवन' लिहायचं आणि भिंत ठोकणारा माणूस फाटकाबाहेर बिल हातात धरून उभा, हे मांडणीशिल्प कुठल्याही क्युरेटरला सुचलं नसतं. ते आपोआप झालं. विनामूल्य. म्हणजे मजुरांच्या बाजूने पाहिलं तरी विनामूल्यच.

त्यानंतरची आवृत्ती २०२२च्या १२ डिसेंबरला उघडायची होती. देशोदेशीचे लोक विमानाने दाखल झाले, हवामानबदलावरची कला पाहायला, आणि उद्घाटनाला काही तास उरले असताना कळलं की तयारी झालेली नाही, २३ तारखेला या. पन्नासहून अधिक कलाकारांनी जाहीर पत्र लिहिलं: छत गळतंय, वीज नाही, आमचं सामान वेळेवर पोहोचलं नाही, आमच्याशी कोणी बोलत नाही. आयोजकांनीही आपल्या अडचणी सांगितल्या, पैशाची चणचण होती, जागेचा प्रश्न होता. खऱ्या असतील. शेवटी ते उघडलं, आणि लोकांनी गर्दी केली.

आणि मग २ मार्च २०२३. बिनाले अजून चालू, १० एप्रिलपर्यंत चालायची आहे. कोची शहराचा कचरा जिथे जातो त्या ब्रह्मपुरमच्या डोंगराला आग लागली. प्लॅस्टिक जळत राहिलं, बारा-तेरा दिवस. शहरावर काळा धूर, शाळांना सुट्ट्या, लोकांना सांगितलं घराबाहेर पडू नका, पडलात तर मुखपट्टी लावा. राष्ट्रीय हरित लवादाने महापालिकेला शंभर कोटींचा दंड ठोठावला. म्हणजे शहराच्या एका बाजूला पर्यावरणावरच्या कलाकृती, दुसऱ्या बाजूला पर्यावरण, आणि वाऱ्याची दिशा पाहून प्रेक्षकांनी कुठे जायचं ते ठरवायचं. बिनालेमुळे आग लागली नाही, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर पत्रं येतील. बिनालेमुळे ती विझली नाही, एवढंच माझं म्हणणं. ती अग्निशमन दलाने विझवली, रात्रपाळ्या करून, धुरात उभं राहून.

हा कचरा सोमवारी सकाळी उचलतो कोण? प्रश्न माझा नाही. न्यूयॉर्कच्या मिअर्ल लेडरमन युकेलिस यांनी १९६९मध्ये, घरात तान्हं मूल असताना, चिडून एक जाहीरनामा लिहिला. सगळे पुरुष कलाकार क्रांती करताहेत, नवनिर्मिती करताहेत. पण क्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाडू कोण मारणार? लंगोट कोण धुणार? यापुढे मी जी देखभाल करते, धुणं-पुसणं-आवरणं, तीच माझी कला, असं त्यांनी जाहीर केलं. १९७३मध्ये एका संग्रहालयाच्या पायऱ्या त्यांनी गुडघ्यांवर बसून घासल्या. लोकांना कळेना की टाळ्या वाजवाव्या की बाजूने जावं.

पुढची गोष्ट मला फार आवडते. एका समीक्षकाने थट्टेने लिहिलं की असं असेल तर न्यूयॉर्कच्या सफाई खात्याने आपल्या कामाला कलेचा प्रयोग म्हणावं आणि सरकारी कला-अनुदान मागावं. युकेलिसबाईंनी ते कात्रण सफाई खात्याच्या आयुक्तांना पाठवून दिलं. खात्यातून बोलावणं आलं. १९७७पासून त्या न्यूयॉर्कच्या सफाई खात्याच्या निवासी कलाकार आहेत. मानधन शून्य. १९७९-८०मध्ये त्या शहरभर फिरल्या, पहाटेच्या हजेरीला, कचऱ्याच्या गाड्यांमागे, डंपिंगवर, आणि खात्यातल्या सुमारे साडेआठ हजार कामगारांपैकी प्रत्येकाशी हात मिळवून त्याचे आभार मानले: शहर जिवंत ठेवल्याबद्दल. वर्षभराच्या आसपास हे चाललं. १९८३मध्ये त्यांनी कचऱ्याच्या एका गाडीला बाहेरून आरसे लावले. गाडी रस्त्याने निघाली की बघ्यांना कचऱ्याशेजारी आपलंच तोंड दिसायचं.

आमच्या महापालिकेच्या डंपरला आरसा लावला तर पहिल्या सिग्नलला त्यात बघून कोणीतरी भांग पाडेल. ते जाऊ द्या.

आपल्याकडे हे काम झालेलं नाही असं नाही. सुधारक ओलवे या छायाचित्रकाराने मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं घालवून कृष्णधवल छायाचित्रं काढली: गटारात उतरलेले, मेलेलं जनावर ओढणारे, दारूने आणि आजाराने खंगलेले, आणि त्यांची घरं, त्यांच्या बायका. हे काम पिढ्यानपिढ्या कोणत्या जातींच्या वाट्याला आलं हे त्या चित्रांत लपवलेलं नाही. तेच तर त्यांचं म्हणणं आहे. २०१६ला ओलव्यांना पद्मश्री मिळाली. कामगारांना काय मिळालं? २०१७च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. त्यामागे कचरा वाहतूक श्रमिक संघाची कित्येक वर्षांची कोर्टबाजी होती. छायाचित्राने निकाल लागत नाही. पण ती छायाचित्रं पाहिलेला माणूस 'हे लोक कामच करत नाहीत' हे वाक्य सहज म्हणू शकत नाही, आणि आपल्या मध्यमवर्गात हे वाक्य चहाबरोबर बिस्किटासारखं खाल्लं जातं.

जर्मनीच्या योसेफ बॉइसची एक युक्ती मला आपल्या वनखात्यासाठी मागवून घ्यावीशी वाटते. १९८२मध्ये कासेल शहरातल्या 'डॉक्युमेंटा' या महाप्रदर्शनात त्याने संग्रहालयासमोरच्या हिरवळीवर बेसाल्टचे सात हजार दगड ओतून ठेवले. दगड हलवायची अट एकच: शहरात एक झाड लावा, शेजारी एक दगड रोवा. ढिगारा दिसायला भयंकर होता, लोक खवळले. पण तो हटवायचा तर खड्डे खणण्यावाचून इलाज नव्हता. पाच वर्षं लागली. बॉइस १९८६मध्ये वारला. शेवटचं झाड १९८७ला त्याच्या मुलाने लावलं. झाडं आजही उभी आहेत, प्रत्येकाच्या पायाशी दगड. झाड मेलं तर दगड चुगली करतो.

आपल्या राज्याने २०१९मध्ये ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. देवांइतकी. आणि देवांसारखीच, आहेत असं मानायचं. प्रत्येकाशेजारी बॉइसचा दगड रोवला असता तर आज महाराष्ट्रात पाय ठेवायला जागा उरली नसती. बेसाल्टची कमतरता आपल्याला नाही, सगळा सह्याद्री त्याचाच. कमतरता चुगलीची आहे.

टिकणारं काम आपल्याकडेही झालं आहे. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या नवज्योत अल्ताफ मुंबईहून बस्तरला गेल्या, आणि तिथे राजकुमार, शांतीबाई, गेस्सूराम या स्थानिक कलाकारांबरोबर कित्येक वर्षं कोंडागावच्या भागात काम करत राहिल्या. काम काय, तर हातपंपाभोवतीची जागा. पाणी भरलेला घडा जमिनीवरून थेट डोक्यावर घ्यायला लागू नये म्हणून मधल्या उंचीवर तो टेकवायला कोनाडा, सांडपाणी वाहून जायला वाट, बसायला जागा. कमरेचा विचार केलेलं शिल्प. लिलावात याला काही किंमत येणार नाही, घडा टेकवणारी बाई बोली लावत नाही. म्हणूनच कदाचित ते टिकलं.

गोव्यातल्या मोलेंचं उदाहरण सर्वांत अलीकडचं आणि सर्वांत घसघशीत. भगवान महावीर अभयारण्य आणि मोलें राष्ट्रीय उद्यानातून एकाच वेळी तीन प्रकल्प जायचे होते: रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचं रुंदीकरण आणि वीजवाहिनी. २०२०मध्ये, सगळे घरात कोंडलेले असताना, गोव्यातले चित्रकार, वन्यजीव अभ्यासक, वकील, विद्यार्थी एकत्र आले. चित्रकारांनी शेकरू, गवा, बेडूक, ऑर्किड, दूधसागर काढून सगळ्यांना वापरायला मोकळे सोडले. ती चित्रं भिंतींवर, टी-शर्टांवर, फलकांवर गेली. जंगल कधी न पाहिलेल्या सासष्टीच्या पोराला शेकरूचं शेपूट ओळखता येऊ लागलं. त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदरला हजारो लोक रेल्वेच्या रुळांपाशी जागत बसले, मेणबत्त्या आणि गाणी घेऊन.

पण त्याच वेळी शास्त्रज्ञ पर्यावरण अहवालातल्या चुका एकेक करून दाखवत होते, आणि गोवा फाउंडेशनची माणसं कागदांचे गठ्ठे घेऊन केंद्रीय उच्चाधिकार समितीपुढे उभी होती. २०२१च्या एप्रिलमध्ये समितीने दुहेरी रेल्वेमार्गाची परवानगी रद्द करायची शिफारस केली. ९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. खटला कागदांनी जिंकला. चित्रांनी एवढंच केलं की कागद लढत असताना लोकांना कंटाळून घरी जाऊ दिलं नाही. समकालीन कलेकडून यापेक्षा जास्त मला नको, आणि यापेक्षा कमी असेल तर प्रदर्शनाचं आमंत्रणही नको.

मुंबईत जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास काळा घोडा महोत्सव असतो. नऊ दिवस, गर्दी तोबा, गाडी लावायला जागा नाही. तुम्ही जालच. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा देवमासा किंवा भंगारातला बिबट्या नक्की भेटेल. त्याचा अर्थ कलाकाराला विचारू नका, तो पाटीवर लिहिलेला असतो. जवळपास हातोडी घेतलेला, घामाघूम झालेला एखादा माणूस दिसेल. त्याला विचारा, मजुरी मिळाली का. आणि आयोजकांना विचारा, दहाव्या दिवशी या बाटल्या कुठे जाणार. दोन्हींचं उत्तर सरळ मिळालं तर मनसोक्त फोटो काढा. नाही मिळालं, तर निदान त्या देवमाशाशेजारी उभं राहून हसू नका.